सीसॅटचे उतारे: जे तपासायचं ते गोल काळा करायच्या आधी

आमच्या अभ्यासिकेत दर वर्षी नवी पोरं येतात, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, कुठून कुठून, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "दादा, सीसॅटला वेळच पुरत नाही, उतारे वाचता वाचता घंटा होते, काय करावं?" प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखायलंय म्हणून एकदाच इस्कटून लिहितो. हे एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वच्या पेपर २, म्हणजे सीसॅटबद्दल आहे, पण उतारा देऊन प्रश्न विचारणाऱ्या कुठल्याही परीक्षेला यातलं बरंच लागू पडेल.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं कामून सांगायलो ते कळेल. पहिल्या वेळेस मी ५२ प्रश्न सोडवले, उत्तरं सगळी प्रश्नपुस्तिकेत टिक करत गेलो आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल शेवटी एकदाच काळे करू असं ठरवलं. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा हात थरथरायला लागला, एका उताऱ्यातला एक प्रश्न मी सोडलेला होता हे विसरलो आणि तिथून पुढचे सात गोल एक-एक ओळ वर सरकले. पुढे मोकळी ओळ दिसल्यावर लक्षात आलं पण तोपर्यंत झालं होतं. त्या सातातले दोन नशिबाने बरोबर निघाले, पाच गेले. एकूण २९ बरोबर, २३ चूक, म्हणजे ७२.५ मधून १४.३७५ वजा, राहिले ५८ आणि वर थोडे. लागत होते ६६. ते पाच जागेवर असते तर ७३ च्या वर गेलो असतो. म्हणजे पेपर मला आला होता, उतारे समजले होते, नुसतं लिहायचं गणित चुकलं. त्या दिवशी परभणीच्या गाडीत मी कुणाशीच बोललो नाही.

आता हिशोब बघा, कारण बऱ्याच नव्या पोरांना हाच माहीत नसतो. पेपर २ मध्ये ८० प्रश्न, २०० मार्क, वेळ दोन तास. एका प्रश्नाला अडीच मार्क, चुकीच्या उत्तराला त्याच्या पाव म्हणजे ०.६२५ वजा. यूपीएससीत एक तृतीयांश वजा होतात, आपल्याकडे पाव, एवढा दिलासा आहे. २०२३ पासून हा पेपर नुसता पास व्हायचा आहे, ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क, मेरिटमध्ये तो धरत नाहीत. आणि आतापर्यंतच्या बहुतेक पेपरांत उताऱ्यांवरचे प्रश्न पन्नासच्या आसपास आलेत, म्हणजे पाच-पाच प्रश्नांचे दहा उतारे. बाकी गणित-बुद्धिमत्ता, आणि शेवटी निर्णयक्षमतेचे, म्हणजे एखादा प्रसंग देऊन तुम्ही काय कराल असं विचारणारे, पाचेक प्रश्न ज्यांना वजा मार्क नाहीत.

यातून काय निघतं? ४० प्रश्न सोडवले, ३० बरोबर, १० चूक, तर ६८.७५, पास. ५० सोडवले, बरोबर तेच ३०, चूक २०, तर ६२.५, नापास. दोघांना उत्तरं सारखीच येत होती, दुसऱ्याने दहा प्रश्न जास्तीचे सोडवून स्वतःला पाडलं. म्हणून "मी ७५ अटेम्प्ट केले" असं कट्ट्यावर सांगणाऱ्याचं जास्त मनावर घेऊ नका. तुम्हाला अख्खा पेपर संपवायचाच नाहीये, हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धा वेळ आपोआप सापडतो.

आणि एक सूचना, जी पुस्तिकेच्या कव्हरवरच छापलेली असते आणि कुणी वाचत नाही. एकदा नोंदवलेलं उत्तर खोडता येत नाही, खोडून दुसरं दिलं तर ते तपासत नाहीत. एका प्रश्नाला दोन गोल केले तर तेही चूकच धरतात. शाळेत आपल्याला सवय लावली की पेपर लिहा आणि शेवटी पंधरा मिनिटं परत वाचून चुका दुरुस्त करा. इथं शेवटी चूक सापडली तरी काही करता येत नाही, निस्तं बघत बसायचं. सगळी तपासणी टिक आणि गोल यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात करावी लागते. माझी सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती फिरते.

तर पुस्तिका उघडायला सांगितल्यावर पहिली चार मिनिटं काहीच सोडवायचं नाही. पानं पूर्ण आहेत का बघायचं आणि मग भराभर चाळायचं, प्रत्येक उताऱ्याच्या पहिल्या दोन ओळी आणि त्याखालचे प्रश्न किती लांब आहेत एवढंच बघून उताऱ्याच्या डोक्यावर खूण करायची: सोपा असेल तर टिक, बरा असेल तर टिंब, आणि तत्त्वज्ञान-बित्त्वज्ञान, वाक्य संपता संपत नाही असलं काही असेल तर फुली. शेजारचा पोरगा पहिल्याच मिनिटाला खाली मुंडी घालून सुरू झालेला दिसतो आणि आपल्याला धडधडायला लागतं, पण त्याच्याकडं बघायचं नाही, चार मिनिटांत तो फार फार तर दोन प्रश्न पुढं जाईल. कव्हरवर असंही लिहिलेलं असतं की प्रश्न क्रमाने सोडवणं बरं, पण एखादा अवघड वाटला तर त्यात वेळ न घालवता पुढं जा आणि वेळ उरला तर परत या. मी त्यातला दुसरा भाग जास्त मानतो. उताऱ्यांच्या बाबतीत क्रमाने जाणं म्हणजे लॉटरी आहे, पहिलाच उतारा आडवा आला तर १५ मिनिटं खाऊन जातो आणि मूड जातो तो वेगळा.

माझा क्रम असा. आधी टिकवाले उतारे. मग निर्णयक्षमतेचे प्रश्न, वजा मार्क नाहीत म्हणजे एकही कोरा सोडायचा नाही, आणि हे शेवटी असल्यामुळे वेळ संपून राहून जातात म्हणून मधेच उरकून टाकायचे. मग जी गणितं बघताक्षणी येतात ती, सात-आठ मिळतात. मग टिंबवाले उतारे. फुलीवाले दुसऱ्या फेरीत, जमलं तर.

इंग्रजीचा जो उतारा असतो, ज्याचं मराठी भाषांतर दिलेलं नसतं, तो आपल्याकडची बरीच पोरं न वाचताच सोडून देतात. जिल्हा परिषद शाळेतून शिकलो, इंग्रजी कच्चं, वगैरे. मी पण सोडायचो. पण अभ्यासक्रमातच लिहिलंय की तो दहावी-बारावीच्या पातळीचा असतो आणि खरंच बहुतेक वेळा त्यातले प्रश्न सरळ असतात, शब्द उचलून ओळ सापडते. उलट दोन्ही भाषांत दिलेले जे उतारे असतात त्यातलं मराठी कधीकधी इतकं जड असतं की आपलीच मायबोली परकी वाटते. तिथं एखादं वाक्य दोनदा वाचून समजलं नाही तर तिसऱ्यांदा वाचू नका, शेजारचं इंग्रजी वाक्य बघा, पुष्कळदा तिथं पाच शब्दांत सगळं सांगितलेलं असतं.

आता एक उतारा कसा वाचायचा. आधी प्रश्न वाचायचे का उतारा, यावर अभ्यासिकेत भांडणं होतात. माझं मत, आधी फक्त प्रश्न वाचा, पर्याय वाचू नका. पर्याय वाचले की चारातली तीन खोटी वाक्यं डोक्यात घेऊन तुम्ही उताऱ्यात शिरता आणि ती तिथं असल्यासारखी वाटायला लागतात. वीस सेकंदात पाचही प्रश्न कशाबद्दल आहेत ते कळतं: कारण विचारलंय, लेखकाचं मत विचारलंय, शीर्षक विचारलंय, का विधानं दिलीत. मग उतारा एकदाच, पण नीट वाचायचा, अडीच-तीन मिनिटं लागू द्या. नावं, साल, आकडे यांच्याखाली हलकी रेघ, आणि 'पण', 'मात्र', 'तथापि', 'याउलट', 'त्यामुळे', 'असे असले तरी' हे शब्द आले की त्याला गोल, कारण लेखक तिथं वळण घेतो आणि प्रश्न काढणारा बरोबर त्याच वळणावर टपून बसलेला असतो. रेघा फक्त प्रश्नपुस्तिकेत बरका, उत्तरपत्रिकेवर एक टिंबही नको, आणि आकडेमोड पुस्तिकेत कच्च्या कामाला जी जागा दिली असते तिथंच.

सगळ्यात जास्त मार्क कशात जातात सांगू? घरच्या ज्ञानात. हे उदाहरण मी स्वतः तयार केलंय, बघा:

"गेल्या काही वर्षांत या भागात सोयाबीनचा पेरा वाढला. नगदी पैसा हाती येऊ लागला, मात्र ज्वारीचे क्षेत्र घटल्याने कडबा मिळेनासा झाला. परिणामी अनेक लहान शेतकऱ्यांना बैलजोडी सांभाळणे परवडेना, आणि मशागतीसाठी ते भाड्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून राहू लागले."

प्रश्न: उताऱ्यानुसार लहान शेतकऱ्यांना बैलजोडी सांभाळणे का परवडेना? पर्याय: (१) पाऊस कमी झाला, (२) चाऱ्याची टंचाई निर्माण झाली, (३) सोयाबीनला भाव मिळेना, (४) ट्रॅक्टर स्वस्त झाले.

आपण मराठवाड्यातली लेकरं, आपल्याला यातलं सगळंच खरं वाटतं. पाऊस? दुष्काळ आपण डोळ्यांनी बघितलाय. सोयाबीनचा भाव? बापाला विचारा. मोंढ्यातून परत येतानाचा त्याचा चेहरा आठवतो आणि हात आपोआप तीनवर जातो. पण उताऱ्यात पावसाचं नाव नाही, भावाचं नाव नाही, उलट नगदी पैसा हाती आला असं म्हटलंय. ट्रॅक्टर आलाय, पण तो परिणाम म्हणून आलाय, कारण म्हणून नाही, आणि स्वस्त झाला असं कुठंच नाही. 'कडबा' उताऱ्यात आहे आणि पर्यायात 'चारा' झालाय, बरोबर उत्तर बऱ्याचदा असंच कपडे बदलून येतं. ज्या पर्यायात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेले असतात त्याच्याकडं उलट जरा संशयाने बघा.

आणि याच उताऱ्यावर विधान दिलं, "सोयाबीनमुळे सर्व शेतकऱ्यांनी बैल विकले", तर? उताऱ्यात 'अनेक' आणि 'लहान' आहे, विधानात 'सर्व' आहे. शिवाय सांभाळणं परवडेना म्हणजे विकलेच असंही नाही. सर्व, फक्त, नेहमी, कधीच, एकमेव, हे शब्द दिसले की थांबायचं. ते प्रत्येक वेळी चूकच असतात असं नाही, पण उताऱ्यातही तेवढंच ठाम वाक्य असेल तरच घ्यायचं.

पाच प्रश्न टिक करून झाले, आता ते अर्धं मिनिट. उतारा डोक्यात ताजा आहे तोवरच हे करायचं, नंतर परत वाचायला लागलात तर तीन मिनिटं जातात. प्रत्येक प्रश्नाचा शेवटचा शब्द परत बघा: 'योग्य आहे' का 'योग्य नाही', 'बरोबर विधाने' का 'चुकीचे विधान'. सगळ्यात स्वस्तात जाणारे मार्क हेच आहेत, ओळ सापडली, उत्तर कळलं, आणि प्रश्न उलटा होता. मग टिक केलेल्या उत्तरासाठी उताऱ्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवता येतं का बघा. येत असेल तर पक्कं. येत नसेल, "असं असावं बहुतेक" असं मन म्हणत असेल, तर टिकच्या बाजूला प्रश्नचिन्ह काढा आणि गोल करू नका. शीर्षक आणि सारांशाच्या प्रश्नाला एका ओळीवर बोट ठेवता येत नाही, तिथं एवढंच बघा की पर्याय उताऱ्याच्या एकाच परिच्छेदाबद्दल बोलायलाय का सगळ्या उताऱ्याबद्दल.

मग पक्के जेवढे आहेत तेवढे गोल लगेच काळे करायचे, पाचच्या पाच किंवा तीन, जेवढे असतील तेवढे. करताना मनात म्हणायचं, "एकतीसचा दोन, बत्तीसचा चार, तेहतीस सोडला, चौतीसचा एक." सोडलेला पण म्हणायचा, माझा घोटाळा तिथंच झाला होता. एका गोलाला पाच-सहा सेकंद धरा, म्हणजे पन्नास गोलांना पाच मिनिटं, ती पूर्ण पेपरभर वाटली तर कळतही नाहीत आणि शेवटी एकदम आली तर घाम फोडतात.

असा एक उतारा आठ मिनिटांत बसतो. सात उतारे म्हणजे ५६ मिनिटं, निर्णयक्षमतेला सहा, आठ गणितांना बारा, सुरुवातीची चार धरून ७८ मिनिटं झाली आणि तुमच्या हाताखालून ४८ प्रश्न गेलेत. त्यातले समजा ३४ बरोबर आणि १४ चूक आले तरी ७६ मार्क होतात. म्हणजे पास होण्यापुरतं काम इथंच होऊ शकतं. एखादा उतारा दहा मिनिटांच्या पुढं गेला तर तो तसाच अर्धा सोडून उठायचं, कितीही जीव अडकला तरी. अर्धा सुटलेला उतारा सोडवत नाही माणसाला, मला माहिती, हरलेल्या पत्त्यांच्या डावासारखं होतं, अजून एक हात, अजून एक हात.

उरलेल्या ४२ मिनिटांत दुसरी फेरी. आधी प्रश्नचिन्हवाले, मग राहिलेली गणितं, मग फुलीवाल्या उताऱ्यांतला त्यातल्या त्यात बरा एक. इथं रिस्क घ्यायची का नाही याचा साधा हिशोब: चारातले दोन पर्याय नक्की खोडता आले तर उरलेल्या दोनातून एक उचला, सरासरीने प्रत्येक प्रश्नामागं जवळपास एक मार्क पदरात पडतो. एकच खोडता आला तर अर्ध्या मार्काच्या आसपास. एकही खोडता येत नसेल तर कागदावर अजूनही किंचित फायदा दिसतो, पण तो चिठ्ठ्या टाकून उत्तर दिलं तर. माणूस चिठ्ठ्या टाकत नाही, जो पर्याय छान वाटतो तो उचलतो, आणि उताऱ्याच्या प्रश्नात छान वाटणारा पर्याय फसवायलाच ठेवलेला असतो. तिथं कोरा सोडा. आणि पहिल्या फेरीत पक्के ४० झाले असतील तर दुसऱ्या फेरीत हावरटपणा नको.

टिक बदलावी वाटली तर? गोल केलेला नाही म्हणजे बदलता येते. पण मी एक नियम केलाय, नवीन ओळ सापडली तरच बदलायचं. "उगं मला वाटायलंय" म्हणून बदललेली माझी उत्तरं जास्त करून बरोबराचीच चूक झाली आहेत.

शेवटची पाच मिनिटं नवीन काही वाचायचं नाही. संच क्रमांकाचा गोल, बैठक क्रमांक, सह्या, आणि एखादी टिक केलेली पण गोल राहिलेली ओळ, बस. पेपर दुपारच्या सत्रात असतो आणि सकाळचा पेपर १ डोक्यात घोळत असतो, अभ्यासिकेतले चार जण मधल्या सुट्टीत त्याचीच उत्तरं काढत बसतात, त्यांच्यापासून लांब राहा. जेवण हलकं. आईने बांधून दिलेले धपाटे आणि दही बघून मोह होतो, पण दोन खा, सहा नको, तीनच्या सुमाराला डोळे जड झाले की उताऱ्याची एक ओळ चारदा वाचावी लागते. घड्याळाचं काय चालतं काय नाही ते प्रवेशपत्रावर आधीच वाचून ठेवा, स्मार्टवॉचच्या भरवशावर जाऊ नका. केंद्र संभाजीनगरला किंवा नांदेडला आलं आणि गाव लांब असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, पहाटेच्या एसटीवर परीक्षा टांगू नका.

बँकेच्या किंवा इतर ऑनलाइन परीक्षेत उत्तर नंतर बदलता येतं, पण तिथं बऱ्याच वेळा प्रत्येक विभागाला वेगळा वेळ असतो आणि तो संपला की परत जाता येत नाही, म्हणजे शंकेचे प्रश्न त्याच विभागात उरकावे लागतात. रिव्ह्यूला लावून ठेवलेलं उत्तर धरतात का नाही हे सुरुवातीच्या सूचनेत दिलेलं असतं, ते वाचूनच सुरू करा.

सराव कसा करायचा, तर आयोगाच्या वेबसाइटवर जुने पेपर आणि उत्तरतालिका दोन्ही फुकट आहेत. पेपरची प्रिंट काढा, उत्तरपत्रिकेच्या दहा-बारा झेरॉक्स काढा, आणि आठवड्यातून एकदा दुपारी, जेवण करून, दोन तास बसा. मोबाइलवर पीडीएफ उघडून सोडवलं तर तो सराव नाही, कारण आपलं मरण रेघा मारण्यात आणि गोल करण्यात आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत लाइट गेली तर उठू नका, केंद्रावर पंखा तुमच्याच डोक्यावर असेल असं काही नाही. रोजचं म्हणाल तर वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाला समासात एक वाक्य लिहा, बाकी काही नको.

आणि एक वही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढं कारण लिहायचं, चारच कारणं पुरतात: प्रश्न उलटा वाचला, घरचं ज्ञान वापरलं, शब्दाचा अर्थ अडला, गोल चुकला. तीन-चार पेपर झाले की कोणतं कारण जास्त ते दिसतं. माझ्या वहीत "घरचं ज्ञान" सगळ्यात जास्त होतं, विशेषतः शेतीवरच्या उताऱ्यात, माझ्या रूममेटच्या वहीत "प्रश्न उलटा". आम्ही दोघं एकाच खोलीत एकच पेपर सोडवायचो पण दोघांचा इलाज वेगळा होता, त्याने 'नाही' या शब्दाला चौकट करायला सुरुवात केली आणि मी बोट ठेवायला.

खऱ्या परीक्षेनंतर प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी तुमच्याजवळच राहते. उत्तरतालिका आली की मार्क मोजायची घाई होते, तेव्हा नुसती कार्बन कॉपी जुळवू नका, पुस्तिकेतली टिक आणि कार्बनवरचा गोल शेजारी ठेवून बघा. टिक एक आणि गोल दुसराच, असे किती निघाले तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझा पहिला आकडा सात होता, पुढच्या वेळेस शून्य.